नंबर आल्याशिवाय पंप नाही

पुणे, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय रूपाताईस,
उत्कर्षचा सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तू पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. फवारणी पंपांची एजन्सी तुला किती मुश्किलीने मिळाली! आणि तू रामराव पाटलांसारख्या बड्या शेतकऱ्याला दुकानात ताटकळत ठेवलंस. त्यांनी कंपनीकडे तक्रार केली आहे. ग्राहकसेवा हे माझं रोजचं काम आहे, ताई. मोठं गिऱ्हाईक आधी, बाकीचे नंतर. धंदा असाच वाढतो. माफी लिहून दे, त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेव. एजन्सी गेली तर मालेगावला काढायचं ठरवलेलं दुसरं दुकान विसर.

रागावू नकोस, म्हणजे फार रागावू नकोस.
तुझा उत्कर्ष

मंगरूळपीर, ९ ऑगस्ट

चि. उत्कर्ष यास, जय भीम आणि आशीर्वाद.

रागावले. त्या दिवशी तांड्यावरच्या चंदाबाईचा पंप माझ्या हातात उघडा होता. ती दुसऱ्यांच्या शेतात फवारते. पंप बंद तर मजुरी बंद. पाटील आले नि म्हणाले, पह्यले माहा पंप पाहाय. मी म्हटलं, भाऊ, बसा, तुमचा नंबर येऊनच राह्यला. यात अपमान कसला?

तुमच्याकडे ग्राहकाला राजा म्हणतात ना? माझ्याकडे सगळेच राजे, म्हणून राजांचीच रांग लागते. लहानपणी बाबांना गावच्या दुकानात सगळे आटोपल्यावर सामान मिळायचं, तेही हात लागू नये म्हणून वरून टाकलेलं. त्यांच्या लेकीने आता कुणाला मागे सारायचं? धंदा मलाही वाढवायचाय. पण माफी लिहिणार नाही. कंपनीला तसं कळवलंही.

तुझ्या बायकोला, साक्षीला विचार, ती माझ्याच बाजूने बोलेल. तुझ्यावरचा लोभ मात्र तसाच आहे.
तुझी ताई

पुणे, २० ऑगस्ट

प्रिय ताईस, सप्रेम जय भीम.

कंपनीने एजन्सी काढून घेतली, हे बाबांकडून कळलं. साक्षी तुझ्याच बाजूने आहे. घरात मी एकटा पडलोय. आता काय करशील? काळजी वाटते गं.
उत्कर्ष

मंगरूळपीर, २७ ऑगस्ट

चि. उत्कर्ष यास आशीर्वाद.

माणसं कंपनीची पाटी उतरवायला आली तेव्हा शिडी मीच धरली. माझ्या दारात कुणाचं हाड मोडायला नको. मग रडले, नाही म्हणत नाही. मालेगाव यंदा गेलं. पण पंप दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही. दुकान चालूच आहे.

काल पाटलांचा गडी बंद पडलेला पंप घेऊन आला. वाशिमला दिला तर आठवडा जातो म्हणे. मी त्याला चहा दिला, बसवलं. रांगेत त्याच्या पुढे तिघी होत्या. पाटील बाहेर गाडीत बसून होते, आणि थांबले.

भांडत जा, पण माया पातळ करू नकोस.
तुझी रूपाताई