कोरा फळा

बाई,

आधी घटना, त्याही क्रमाने, मत नंतर. ही शिस्त तुमचीच. रोह्याच्या शाळेत तुम्ही सातवीच्या वर्गशिक्षिका होतात आणि मी मॉनिटर. मधल्या सुट्टीआधी तुम्ही हजेरीपट घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत जात असा आणि तेवढी वीस मिनिटे वर्ग माझ्या ताब्यात असे. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून त्यात बोलणाऱ्यांची नावे लिहायची. ज्याचे नाव येईल त्याने सुट्टी संपेपर्यंत बाकावर उभे राहायचे. एका सोमवारी चौकट रिकामी राहिली. तुम्ही परत आलात, फळ्याकडे पाहिलेत आणि सर्वांदेखत म्हणालात, "कोरा? चाळीस पोरांत एकही बोललं नाही? म्हणजे तुझंच लक्ष नव्हतं." मग खडू उचलून फळ्यावर एक रेघ ओढलीत. "फळा काळा आहे म्हणून ही रेघ पांढरी. वाईट नसेल तर चांगलं कुठून येणार? एक तरी नाव हवंच." मंगळवारी आणि बुधवारी मी नावे दिली. गुरुवारी पुन्हा कोणीच बोलले नाही, तेव्हा मी एका मुलीचे नाव लिहिले. ती झोपली होती.

रोह्याजवळच्या धाटावला तेव्हा कंपन्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. तिचे वडील तिथे शिफ्टला जात, आई बाळंतपणात खचून अंथरुणावर होती, आणि पाणी, भाकऱ्या, तान्हे भावंड हे सगळे आटोपून ती पायी शाळेत येत असे. हे मला त्या वेळी माहीत नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आले. मला माहीत होते. सगळ्या वर्गाला माहीत होते. तुम्ही दाराबाहेर पडलात आणि तिने दप्तरावर डोके टेकले. शेजारणीने ओठांवर बोट ठेवले. ते बोट एका बाकावरून दुसऱ्या बाकावर असे शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. एरवी बाकावर पट्ट्या वाजवणाऱ्यांनी पट्ट्या दप्तरात घातल्या. एकाला शिंक आली, तर त्याने सदऱ्यात तोंड खुपसले. खिडकीचे दार वाऱ्याने आपटू लागले, तेव्हा जवळच्या मुलीने ते हाताने धरून ठेवले आणि शेवटपर्यंत सोडले नाही. हे करा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आदल्या दोन दिवसांत तुमची भीती असतानाही जी शांतता मला मिळाली नव्हती, ती त्या दिवशी माझ्यासमोर आपण होऊन बसली होती. मी उठले, खडू घेतला, आणि सुवाच्य अक्षरात तिचे नाव आडनावासकट लिहिले.

तुम्ही आलात. त्यानंतरचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"ऊठ. काय बोलत होतीस?"

ती गडबडून उभी राहिली. गालावर दप्तराच्या बकलाचा ठसा उमटला होता. "मी नाय बोलले, बाई."

"मग नाव काय आपोआप उमटलं?"

"बाई, ती झोपलेली व्हती," शेजारीण म्हणाली. "आमी सगळी गप व्हतो. शप्पत."

"वर्गात झोपते? मग तर बाकावर उभी राहाच. आणि ही साक्षीदारीण पण."

बाकावर चढण्याआधी तिने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी नव्हते. "लिव गो," ती म्हणाली, "तुझं अक्षर चांगलं हाय."

वर्ष संपताना तुम्ही मला शाईचे पेन दिलेत, निःपक्षपातीपणाबद्दल. त्याच पेनाने मी तत्त्वज्ञानाच्या परीक्षा दिल्या, प्रबंधाचा मसुदा लिहिला. आणि पुढे तीस वर्षे महाविद्यालयात दर जूनला तुमची ती रेघ फळ्यावर ओढून दाखवली. वाईटावाचून चांगले संभवत नाही. विद्यार्थी उतरवून घेत. किती नेटके वाक्य होते ते. आज मी ते मागे घेते, आणि तुमच्याकडून घेतलेले असल्यामुळे तुम्हालाच परत करते. दिसणे आणि असणे यांतला भेद ज्या शिक्षिकेला व्याकरणात कधी चुकला नाही, तिने तो फळ्यासमोर विसरावा, याला मी क्षमा करू शकत नाही. फळ्यामुळे खडू उठून दिसतो, एवढेच खरे. खोक्यात तो इतर पांढऱ्या खडूंमध्ये पडलेला असतो, तेव्हाही पांढराच असतो. त्यासाठी खोक्यात कोळसा ठेवावा लागत नाही. इथे पेणला माझ्या घरामागे गणपतींचा कारखाना आहे. तिथे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या वहिनींना मी परवा मुद्दाम विचारले, चांगला डोळा कोणता ते कळावे म्हणून एखादी फसलेली मूर्ती समोर ठेवता का? त्या हसल्या. "फसलेलीकडं बघत बसले तर हात तसाच वळंल की, मॅडम."

आणि आता गेल्या महिन्याची घटना, जिच्यामुळे हे पत्र लिहीत आहे. कामानिमित्त कोलाडला गेले होते. भर दुपारी हायवेलगतच्या एका खानावळीत चहाला थांबले. भिंतीकडेच्या बाकावर धाटावच्या कंपनीतला एक कामगार पायांत बूट तसेच ठेवून गाढ झोपला होता. गल्ल्यावरच्या बाईने टीव्हीचा आवाज पार बंद केला. एक ड्रायव्हर मोठ्याने हसला, तशी ती म्हणाली, "हळू रे. रातपाळी करून आलाय त्यो." त्याने जीभ चावली आणि हातातला स्टीलचा पेला आवाज न करता खाली ठेवला. मी मात्र तेवढ्यात कप पुढे सरकवला. "याला डाग आहे. बदलून द्या."

तिने कप पाहिला, मग मला निरखून पाहिले. "तू मॉनिटर ना गो?"

मी मान डोलावली. मग जे वाक्य इतकी वर्षे जुळवून ठेवले होते ते बोलले: तू झोपली आहेस हे मला दिसत होते, तरी मी नाव लिहिले. तिने दुसरा कप घेऊन पुसला.

"खडू वाजला ना, तवाच मला जाग आली व्हती," ती म्हणाली. "डोळं मिटूनच पडले. मनात म्हटलं, आज कोणा बिचारीचं नाव आलं." आणि नवा कप चहाने भरून माझ्यापुढे ठेवला. "घे. निवंल."

बाई, आता उत्तर द्या. त्या गुरुवारी, खडू फळ्याला टेकेपर्यंत, वर्गात जे होते ते कोणत्या वाईटाच्या आधारावर उभे होते? तुम्ही म्हणाल, तू होतीस. हो, मी होते. इथे एक गोष्ट लिहून टाकते, जी कोलाडलाही बोलले नाही. तिचे नाव मी तुमच्या नियमासाठी लिहिले नाही. नियमापुरते कोणाचेही नाव चालले असते. मला चाळीस जणांना गप्प करायला डस्टर आपटावे लागे, आणि तिच्यासाठी ते नुसते एक बोट पाहून गप्प झाले, हे मला सहन झाले नाही. पण हा मत्सर तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून घेऊ नका. तो त्या मुलांना ठाऊकही नव्हता. खिडकीचे दार धरून बसलेल्या हाताला त्याची गरज पडली नव्हती.

तुम्ही आता या जगात नाही आणि हे पत्र पेटीत पडणार नाही, हे मला कळते. तरीही मोकळा समास सोडला आहे, तुमच्या लाल शाईपुरता. तोंडी चालणार नाही. लेखी उत्तर द्या.