देवाला ‘तू’ म्हटल्याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा दगडावर अक्षरे कोरणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणणारे आणून थकले, हेही नोंदवतो.

१. राहते घर बायकोला. चाळीस वर्षे तिने माझ्या कपड्यांतली दगडाची धूळ झाडली. आता घर तरी स्वच्छ राहील.

२. कारखाना, छिन्न्या आणि हातोडे मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. धंद्याचा नियम तिला पाठ आहे: गिऱ्हाइकाचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे, दुःख सुधारू नये.

३. थोरल्या भावाला काही नाही. कारण लिहितो.

शिवणकाम करणाऱ्या बाईची सहा वर्षांची पोर तापाने गेली. बाईने दगडावर कोरायला सांगितले, ‘देवा, तू चुकलास.’ मी कोरले. दफनभूमी समितीचा अध्यक्ष माझाच भाऊ. तो तणतणत आला. “अरे, ही देवाची निंदा झाली! निदान ‘आपण चुकलात’ तरी लिही.”

मी म्हणालो, “दादा, देवाला अहो-जाहो कोण करतं? आईला नि देवाला ‘तू’च म्हणतात.”

त्याने फिर्याद ठोकली. दोन वर्षे मी कोर्टाचे उंबरे झिजवले. शेवटी न्यायाधीश म्हणाले, देवावर रागावणे हा गुन्हा नाही. मी निकाल ऐकत होतो, त्याच सकाळी दादाने ती ओळ तासून टाकली. तीही नियमाप्रमाणे! जागा समितीची, ठराव समितीचा; माझा खटला लढवणाऱ्या वकीलबाईंना त्यात खोट सापडेना. म्हणजे माझे कोरणे कायदेशीर आणि त्याचे तासणेही कायदेशीर. पण पोर गेलेल्या आईचे तोंड दाबणे हे पाप आहे, मग त्यावर किती का शिक्के असेनात. ती बाई अजून त्या खरबरीत जागेवरून बोट फिरवते. ते पाहून माझे रक्त उकळते.

४. त्या पोरीच्या शेजारची जागा मी रीतसर खरेदी केली आहे. तिथे समितीचा ठराव चालत नाही. मला तिथेच पुरावे. दगडावर माझे नाव नको. माझ्या मुलीने तीच ओळ कोरावी, बोटभर खोल.

५. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. दादाला काहीच मिळत नाही, तेव्हा तो चालेल. त्याला आज मुद्दाम बोलावले आहे. सगळे वाचूनच सही करू दे.

ठिकाण: कारखान्यातले बाकडे
दिनांक: नऊ मार्च
सही: छिन्नीवाला

साक्षीदार १: वकीलबाई

साक्षीदार २: थोरला भाऊ
(सहीखाली, त्याच्याच अक्षरात) वाचलं. ‘तू’च राहू दे.