ओरिजिनल प्रवासात नको

रवि. १० जुलै २००५, रिकार्टन, क्राइस्टचर्च

लेकीकडे, ग्रेमाउथला जायच्या दोन तिकिटांची खरी किंमत मांडून ठेवतो. पैसे सोडा. एका शाळेच्या सगळ्या दारांची कुलपं बदलायचं काम ब्रायनला, इथल्या दुसऱ्या कुलूपवाल्याला, देऊन टाकलं. हसत दिलं, आतून जळत. सुलभाची आठवड्याची रजा, वर तिच्या सुपरवायझरबाईची आठी. आणि एक थाप. मुग्धाला फोनवर म्हटलं, तुझ्या आईला बर्फ बघायचाय. थंडीनं सु.चे गुडघे धरतात, ती बर्फाचं नाव काढत नाही, हे पोरीला पक्कं माहीत. तरी "या ना" एवढंच म्हणाली. बापाची थाप पकडली नाही तिनं. तिथेच मला धडकी भरली.

तेहतिसावा आठवडा. पायांची सूज हातांवर आली, साबण लावून अंगठी काढली म्हणे. मिडवाइफ म्हणते आराम कर. निखिल, आमचा जावई, वेलिंग्टनजवळ अप्पर हटला ट्रेनिंगला, शुक्रवारपर्यंत. घरात एकटी. बोलताना मध्येच थांबते, श्वास घेते, मग पुढचा शब्द. मी कुलपातल्या पिना कानानं मोजतो. पोरीचा श्वास मला मोजता येणार नाही?

मंगळ. १२ जुलै

रेडिओवर: डोंगरातल्या पासचा, खिंडीचा रस्ता बर्फानं बंद. ट्रेन मात्र जाणार. गाडी काढू म्हणत होतो, तो विषय संपला.

सु.नं डिंकाचे लाडू केले. डब्याला हात लावायचा नाही, सगळे बाळंतिणीचे. म्हटलं, बाळंतीण व्हायला अजून सात आठवडे आहेत. "म्हणूनच मोजून ठेवलेत," म्हणाली.

बॅग भरताना विचारलं तिनं, "अहो, ती पुण्याची फाइल घ्यायची ना?"

सहा वर्षांपूर्वीची फाइल. मु. तेव्हा पुण्यात शिकत होती. अपेंडिक्सचं ऑपरेशन. भूल उतरली पण आपला आपण श्वास घेईना, चार तास मशीनवर. कुठलं औषध बाधलं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, सही-शिक्क्यासकट. तो कागद, पासपोर्ट, घराची कागदपत्रं, सगळं आमच्या लोखंडी कपाटात. एप्रिलमध्ये मु.नं मागितला होता. ओरिजिनल मी पोस्टात टाकत नाही, झेरॉक्स काढून पाठवतो म्हटलं. राहिलं.

आज म्हटलं, ओरिजिनल प्रवासात नको. परत आलो की पहिलं काम झेरॉक्स. सात आठवडे आहेत.

"एप्रिलमध्येही हेच म्हणालात."

"तेव्हा एकोणीस होते."

यावर तिनं बॅगेची चेन एवढ्या जोरात ओढली की दात निघाले. चेनचे.

बुध. १३ जुलै

स. ७.१५. टॅक्सीची वाट बघतोय. दार ओढलं, तीनदा हॅंडल हिसडून पाहिलं. सु. म्हणते एक किल्ली शेजारी ज्यूडीकडे ठेवू. म्हटलं, कुलूपवाल्यानं शेजाऱ्याकडे किल्ली ठेवायची? मग पाटी कशाला लावायची? हे कुलूप मी स्वतः जुळवलंय. सात पिना, त्यातल्या तीन फसव्या. खिडक्यांना माझीच लॉकं, काच न फुटणारी. भोसरीत रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून किल्ल्या घासत होतो, तेव्हापासूनचं सगळं डोकं या एका दारात आहे. या शहरात ते उघडणारा एकच माणूस. ब्रायनला दिवस लागेल, तोही ड्रिल घेऊन.

किल्ली कोटाच्या आतल्या खिशात. वर सेफ्टी पिन.

स. ८.००, स्टेशन. मु.ला फोन. "डोकं दुखतंय जरा, बाबा. डोळ्यांपुढे चमकतंय. पॅम येतेय बघायला." पॅम म्हणजे तिची शेजारीण, पासष्टीची, धिप्पाड. मिडवाइफला कळवलंस का? "पॅम कळवेल." आवाज लहानपणी ताप आला की यायचा तसा. सु.ला फक्त डोकं दुखतंय एवढं सांगितलं. "आणि?" आणि काही नाही म्हटलं.

स. १०.१५. मैदान संपलं, डोंगर. नदी खाली खोल, शाईसारखी. डब्यातले सगळे खिडकीला, फोटो, वॉव वॉव. बर्फ वाढतोय तशी गाडी घसा बसल्यासारखी बोलते. रुळाच्या सांध्याची खटखट कमी कमी, मग नाहीच. मला हे आवडलं नाही.

स. ११.२०. आर्थर्स पास, खिंडीतलं स्टेशन. पाच मिनिटांचा थांबा होता, चाळीस झाली. गार्डबाई, हिने नावाची माओरी, कमरेवर हात ठेवून: "किया ओरा, फोक्स. पुढे रुळावर बर्फ घसरलाय. पलीकडून बर्फ उपसणारं नांगराचं इंजिन येतंय. तासभर." डब्यात सगळे "स्वीट ऍज", म्हणजे मस्तच, असं म्हणाले आणि कॉफीच्या रांगेत गेले. तीच बाई दोन मिनिटांनी कॉफीवाल्याच्या कानाशी: "दुपार जाईल, दूध जपून वापर." मी तीन सीट सोडून. ऐकू आलं.

सु.ला सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लाडवांचा डबा बॅगेतून काढून मांडीवर घेतला.

दु. १२.३०. मोबाइलला एकही काडी नाही. स्टेशनवर एक फोन, चौदा जणांची रांग, बर्फ बुटात. मु.च्या घरी वाजून वाजून बंद. पुन्हा. पुन्हा. निखिलचा मोबाइल बंद. ट्रेनिंगमध्ये असेल. मागचा माणूस खाकरला. रिसीव्हर ठेवला, परत रांगेच्या शेवटी.

समोरच्या सीटवर टेड, जुना खाणकामगार, ग्रेमाउथचाच. सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "शी'ल बी राइट."

सु.: "काय म्हणतो?"

"सगळं ठीक होईल म्हणतो."

"त्याला काय माहीत?"

टेडला शब्द कळले नाहीत, सूर कळला. थोड्या वेळानं स्वतःची घोंगडी काढून सु.च्या गुडघ्यांवर टाकली. तिनं नको म्हटलं नाही. सकाळपासून पहिल्यांदा कुणाला नको म्हटलं नाही.

दु. १.२५. बर्फ थांबला, आभाळ दहा मिनिटं फाटलं. मी दाराशी उभा. हेलिकॉप्टर. दिसलं नाही, ढगाच्या वरून, पश्चिमेकडून पूर्वेला. डब्यात कुणालाच ऐकू आलं नाही. टेडला म्हटलं तर म्हणाला, वारा असेल. म्हटलं पैज लाव. दोन मिनिटांनी गार्डबाई येऊन म्हणाली, हो, आत्ता एक गेलं, स्टेशनवर कळलं. टेडनं टोपी काढून दाखवली. डबा हसला, मीही हसलो. म्हटलं, टेडभाऊ, या कानांवर दोन देशांत घर चालवलंय. आजच्या दिवसात तेवढंच एक बरं वाटलं.

सु. हसली नाही. म्हणाली, "कोण असेल हो त्यात?"

दु. २.५०. पुन्हा रांग, पुन्हा नुसती रिंग. या वेळी पॅमचा नंबरही लावला. उचलत नाही. म्हणजे ती मु.जवळ असेल. किंवा

दु. ३.१०. हललो. आधी झटका, मग रूळ बोलायला लागले. सु.नं डब्यावर हात जोडले. बोगदा, साडेआठ किलोमीटर. काचेत फक्त आमची तोंडं. तिचं तोंड बघवत नव्हतं म्हणून माझं बघत बसलो, तेही बघवेना.

दु. ३.३५. बोगद्यापलीकडे बर्फाचा पत्ता नाही. नुसता पाऊस, हिरवंगार. एवढ्यासाठी अडवून ठेवलं होतं.

सं. ४.५०, ग्रेमाउथ. फलाटावर पॅम एकटी. रेनकोट. मला पाहून तिनं आधी सु.चे दोन्ही हात धरले. तेव्हाच कळलं.

मु. इथे नाही. बी.पी. भयंकर वाढलं. इथल्या डॉक्टरांनी ठरवलं, इतक्या लहान बाळाची सोय क्राइस्टचर्चलाच. आभाळ उघडलं तसं हेलिकॉप्टरनं नेलं. एक वाजता.

सु.: "एक वाजता?"

तिला हिशोब कळतो.

आमच्या घरापासून ते हॉस्पिटल पार्कातून चालत अर्धा तास.

सं. ५.२५, पॅमकडे. निखिल सापडला. वेलिंग्टनहून मिळालं ते विमान पकडलं, चार वाजल्यापासून मु.जवळ. शाबास. म्हणाला, "बाबा, आज संध्याकाळीच सिझेरियन. रक्त नीट गोठत नाहीये, पाठीत सुई देता येत नाही. पूर्ण भूल. भूल देणारी डॉक्टर विचारतेय, पुण्यात कुठलं औषध बाधलं होतं? मुग्धाला नाव आठवत नाही. नुसत्या अंदाजावर नको म्हणते, कागद असेल तर हवा. तुम्ही फाइल आणलीत ना बरोबर?"

कपाटात आहे म्हटलं.

मागे मशीनचा आवाज, टिक टिक, जलद. तो मु.चा की बाळाचा, विचारलं नाही.

नाव आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशीचं सगळं ऐकू येतं. नर्सच्या चपला, लिफ्टचं दार, डॉक्टरांचा आवाज, "पुढे कधीही भूल घ्यायची झाली तर हा कागद दाखवा, विसरू नका." औषधाचं नावही तेव्हा मोठ्यानं वाचलं होतं. ते नाही ऐकू येत.

"किल्ली कुठे असते, बाबा? कुंडीखाली?"

माझ्या खिशात म्हटलं.

सं. ५.४०. पुण्यात भावाला फोन. तिथे सकाळ. हॉस्पिटलमध्ये गेला, तिथून फोन केला. सहा वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड गोडाउनला, माणूस दुपारी येतो. "दादा, प्रयत्न करतो." आवाजावरून कळलं, होणार नाही.

निखिल आमच्या दारात. काच फोडतो म्हणाला. म्हटलं फुटणार नाही. मागचं दार? त्यालाही तेच. ज्यूडी हातोडा घेऊन आली. दोनचार मारले, मला फोनवर ऐकू आलं, काच तशीच. चांगली काच आहे. मी बसवलेली.

"बाबा, कुणी लॉकस्मिथ?"

सु. समोर बसलेली. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती, पहिल्यांदाच बघतेय अशी.

ब्रायनचा नंबर दिला. पाठ आहे. इतकी वर्षं त्याची गिऱ्हाइकं पळवतोय, पाठ असणारच. ड्रिल घेऊन ये म्हणावं, पोलादी पत्रा आहे आतून, मोठा बिट लागेल. मधल्या तीन पिना फसव्या आहेत हेही सांग त्याला. सगळं सांगून टाक. पैसे मागेल तेवढे.

कपाटाची किल्ली देवघरात, गणपतीच्या मागे. ती तरी घरातच आहे.

सं. ६.१५. ब्रायन निघालाय. जेवत होता, उठला. त्याच्या बायकोनं निखिलला विचारलं म्हणे, "इंडियन लॉकस्मिथ, रिकार्टन? त्याचं स्वतःचं घर?" हो म्हणाला निखिल. काय करेल.

उद्याची परतीची गाडी सुटेल की नाही, स्टेशनवर सांगता येत नाही. रस्ता बंदच. टेडचा फोन आला पॅमकडे. त्याचा पुतण्या ट्रक चालवतो, दक्षिणेकडच्या दुसऱ्या खिंडीतनं जाता येईल का विचारतोय. नऊ-दहा तास. म्हटलं, चालेल. काहीही चालेल.

सु. बोलली. "झेरॉक्सला किती वेळ लागतो हो?"

सं. ७.४०. निखिलचा फोन. फाइल मिळाली. सात वाजून पाच मिनिटांनी कागद डॉक्टरच्या हातात. तिनं वाचला, मान हलवली, म्हणाली बरं झालं कागद आला, नाहीतर मी हेच औषध देणार होते. मु.ला आत नेलं. जाताना म्हणाली म्हणे, "बाबांना सांग, ओरिजिनल नीट ठेवलंय." मस्करी केली की खरंच म्हणाली, निखिललाही कळलं नाही.

दार बंद झालंय. पुढचं अजून काही नाही. तो फोन चालू ठेवून बसलाय, मीही. तिकडच्या कॉरिडॉरमध्ये एक ट्रॉली गेली, डावं चाक खराब. सु. डबा मांडीवर घेऊन पॅमच्या सोफ्यावर. एकही लाडू कमी झालेला नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून निखिलला विचारलं, दाराचं फार नुकसान झालं का. नवीन बसवायला लागेल.

"नाही हो, बाबा. ड्रिल गाडीतनं काढलंच नाही त्यानं. आम्हाला गप्प बसा म्हणाला आणि कुलपाला कान लावला. चार मिनिटं लागली."