साखरेवर दहा थेंब

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिसरी केमो कशी गेली? इथे तुझ्या भाचीने पराक्रम केला आहे! गवती चहाच्या तेलातला एक घटक मी प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला. दोन दिवसांत शंभरातल्या नव्वद गार! मी माझ्या मार्गदर्शक बाईंसमोर अशी छाती काढून उभी राहिले, की एप्रनचं बटणच तुटलं. तीन वर्षांत हाताला लागलेलं हे पहिलंच यश.

लोभ असावा, थोडं कौतुकही असावं.
तुझी ढब्बू

१० मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि लगेच तेलाची बाटली आणली. रोज साखरेवर दहा थेंब घेते. सोमवारची केमो नको, असं दवाखान्यात कळवून टाकलं. ढेकर तेवढे सुगंधी येतात. शेजारीण म्हणते, मी जवळ बसले की डास फिरकत नाहीत. घरातच शास्त्रज्ञ असताना सुया कशाला टोचून घ्यायच्या?

लोभ आहेच, अभिमानही आहे.
आत्या

१३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांच्या हाती पाठवते आहे. तेल आत्ताच्या आत्ता बंद कर. मी तुला अर्धंच लिहिलं होतं. शेजारच्या बशीत निरोगी पेशी होत्या, त्याही तेवढ्याच मेल्या. बशीतल्या पेशी मारायला अक्कल लागत नाही. गेल्या वर्षी मी त्या नुसत्या वेंधळेपणाने मारल्या होत्या. माणूस जगवून रोग मारणं अवघड, आणि ते माझ्या तेलाला येतं असं कुणीही दाखवलेलं नाही. तू आजारी, मला काहीच करता येत नाही, म्हणून शेखी मिरवली. पाया पडते, सोमवारी जा आणि डॉक्टरांना तेलाचं सांग.

लोभ कमी झाला तरी चालेल, केमो चुकवू नकोस.
ढब्बू

२७ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

दादा आला तो चप्पलही न काढता दारातच उभा राहिला. म्हणाला, तू निघाल्याशिवाय मी बसणार नाही. डॉक्टरांनी तेलाचं ऐकून कपाळाला हात लावला, रक्त तपासलं. यकृतावर थोडा ताण आला होता, म्हणून आठवडाभर थांबून मग केमो दिली. आता बरी आहे.

पण सगळा दोष स्वतःकडे घेऊन मोठी होऊ नकोस. तुझ्या शोधातलं मला काडीचं कळलं नव्हतं. मला केमोच्या त्या खुर्चीची भीती वाटत होती आणि नको म्हणायला कारण हवं होतं. एवढी साठीची बाई, पण हे कुणाला सांगायची लाज वाटली.

पुढची केमो तेरा तारखेला आहे. तीन तास लागतात. औषध वगैरे काही आणू नकोस, नुसती शेजारी बस.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समक्ष ये.
आत्या