दहा वाजताची रबाब

मी, अफीफा सलीम झैनुद्दीन, वय एक्याऐंशी, धंदा सुईणपणाचा, राहणार ऐन तूत, शूफचा डोंगर, लेबनॉन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. कुणी दडपण आणलेले नाही, आणून दाखवावे. आम्हा द्रूझ जमातीच्या कायद्याने आपले आपण वाटेल त्याला देता येते, म्हणून मी पुढीलप्रमाणे देते.

एक. देहाबद्दल. जीव गेला की मागे उरतो तो नुसता सदरा. तो मातीत पुरावा. वर नावाचा दगड नको, आणि तिथे येऊन रडणेही नको, कारण मी तिथे नसेनच. त्याच क्षणी कुठल्या तरी द्रूझ घरात माझी नाळ कापली जात असेल. सुईण धड मिळाली म्हणजे झाले.

दोन. मनगटी घड्याळ शेजारीण तेरेझला; ती साक्षीदार आहे, म्हणून ते सह्यांपूर्वीच तिच्या हाती दिले आहे. ती मारोनी ख्रिस्ती. चाळीस वर्षे आम्ही सकाळची कॉफी भांडत प्यायलो. तिने शवपेटीसाठी नवे कोरे बूट घेऊन ठेवले आहेत. "न्यायाच्या दिवशी सगळे मेलेले उठणार. मग मी काय या दगडधोंड्यांत अनवाणी चालू?" मी म्हणायची, "अगं, विटलेला सदरा पेटीत कशाला जपतेस?" तर म्हणे, "तुझं बरं आहे बाई, नापास झालीस की पुन्हा परीक्षा. आम्हाला एकदाच बसायचं असतं." घड्याळ तिच्या पेटीत ठेवावे. बाईची झोप गाढ आहे.

तीन. पिठाच्या डब्यातली सगळी रोकड आणि माझ्या चार बांगड्या नंदावतीला. ती श्रीलंकेची, बुद्धाला मानणारी. बारा वर्षे तिने मला न्हाऊ-माखू घातले. स्वयंपाकघरातली पाल ती मारू देत नाही. "राहू दे मादाम, कुणाची तरी आई असेल." मी बजावले की माणूस माणसातच जन्मतो, तोही आपल्याच जमातीत. ती म्हणाली, "मग पालींत कोण जातं, मादाम?"  पालीला हुसकू नये.

चार. भाचा फारिस याला माझी लाकडी शिडी. ती नऊ वर्षांपूर्वी "आत्या, उद्या आणून देतो" म्हणून त्यानेच नेलेली आहे, तेव्हा पोचवण्याचा त्रास नाही.

पाच. हे कलम लिहायला मला अडतीस वर्षे लागली.

त्या हिवाळ्यात, मंगळवारी दुपारी बाराला, हिंदची सात वर्षांची लेक लमया पाण्याच्या टाक्यात पडून गेली. हिंद माझी बालमैत्रीण. चौथ्या दिवशी ती माझ्या दारात आली, पायांत चपला नव्हत्या. म्हणाली, "अफीफा, मंगळवारी बाराला कुणाकडे मुलगी झाली? सांग, कुठे गेली माझी पोर?" त्या दिवशी मी एकच बाळंतपण केले होते, खालच्या गावात. मुलगीच झाली होती, रबाब. पण सकाळी दहाला. बाहेर बर्फ, ऊन नाही, त्या घरात घड्याळ नाही. घड्याळ फक्त माझ्या मनगटावर. जीव जातो त्या क्षणीच नव्या देहात शिरतो. दोन तास आधी जन्मलेल्या पोरीत तो शिरूच शकत नाही. हे मला पक्के ठाऊक होते. तरी मी म्हणाले, "बारा. ठोक्याला बारा." हिंद तिथेच, उंबऱ्यावर, पोटभर रडली आणि मग चार दिवसांत पहिल्यांदा तिने भाकरी मागितली.

रबाब दोन आयांत वाढली. जन्मदाती वारल्यापासून ती हिंदकडेच असते. शाळेत शिकवते, आणि हिंदची दृष्टी गेल्यापासून तिला हाताला धरून फिरवते. आणखी एक लिहिलेच पाहिजे. तीन वर्षांची असताना रबाब पहिल्यांदा हिंदच्या अंगणात आली आणि सरळ चुलीमागे जाऊन तिने भिंतीच्या भोकातून निळा मणी काढला. लमयाचा. तो तिथे असल्याचे हिंदलाही माहीत नव्हते. 

आमच्या धर्माचा पहिला नियम: जीभ खरी ठेव. मी दोघींना विचारले, नावे न घेता. तेरेझ म्हणाली, "पाद्रीबाबांपुढे कबूल कर, देव माफ करतो, सुटलीस." नंदा म्हणाली, "माफ करणारं कुणी नसतं, मादाम. केलेलं मागे येतं. पण का केलं, तेही येतं." आमच्यात तर सदरेही बदलायचे आणि शेवटी न्यायालाही उभे राहायचे, म्हणजे दोन्हीकडून पकडले. खोटी जीभ घेऊन मी नव्या अंगात जाणार नाही. भीती एकच वाटते, आणि ती मोठी आहे: माझी जीभ साफ होईल आणि हिंदची लेक दुसऱ्यांदा जाईल.

सहा. राहते घर, मागची अंजिराची झाडे व बाळंतपणांची वही रबाबला. वहीत खरी वेळ आहे. हिंदला मी काही ठेवत नाही, कारण साक्षीदाराला काही मिळत नसते. सह्यांपूर्वी हे सर्व रबाबने हिंदला मोठ्याने वाचून दाखवावे. हिंद उठून गेली तरी घर रबाबचेच.

वाचन आज झाले. पाचवे कलमही रबाबने शेवटपर्यंत वाचले. मग हिंद कडाडली, "सटवे! अडतीस वर्षं! तुझ्याशी बोलणार नाही मी. या जन्मी नाही, पुढच्याही नाही!" मी मान खाली घातली.  हिंद हाताने चाचपत म्हणाली, "रबाब, कुठे आहेस गं? अंगठा कुठे लावायचा, दाखव." रबाबने तिचा अंगठा शाईत बुडवला आणि विचारले, "नावापुढे काय लिहू?" हिंदने सांगितले ते रबाबने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.

लिहून देणार: अफीफा सलीम झैनुद्दीन (सही)

साक्षीदार १: तेरेझ बुत्रोस खूरी, शिंपीण (सही)

साक्षीदार २: हिंद महमूद अबू शाहीन (डाव्या हाताचा अंगठा), रबाबची आई

ऐन तूत, ता. १७ नोव्हेंबर २००९