चौकशी समितीचा अध्यक्ष आणि कावळीण

१२ एप्रिल, सकाळी ८

लेकीची सुट्टी लागली. मीही खोक्यांच्या कारखान्यातून दहा दिवस रजा टाकली आहे. यंदाची सुट्टी निसर्गाच्या सान्निध्यात. संकल्प: चिडायचं नाही, कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही, वस्तू फेकायच्या नाहीत. (गेल्या सुट्टीत रिमोट फेकला होता, पण ते टीव्हीने ओढवून घेतलं होतं.) कॉलनीच्या नोटीस बोर्डावर रोज एक 'आजचा विचार' लिहिणार. सेक्रेटरीने तोंड वाकडं करून परवानगी दिली.

आजचा विचार: झाड हा आपला सगळ्यात जुना शेजारी.

१४ एप्रिल, दुपार

ह्या जुन्या शेजाऱ्याने आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर कावळ्याचं जोडपं भाडेकरू ठेवलं आहे. हात लांब केला तर घरटं लागत नाही, काठी लांब केली तर लागेल. (फक्त अंतर म्हणून लिहून ठेवतोय.) आत तीन पिल्लं. लेक वही घेऊन खिडकीत बसते आणि कोण किती वाजता काय घेऊन आलं ते लिहिते. दहा वर्षांच्या पोरीची चिकाटी बघून ऊर भरून आला. माझ्यावर गेली आहे.

अडचण एकच. सुट्टीत दोन ते चार झोपणं ही आमच्या घराण्याची परंपरा आहे. वडील झोपत, आजोबा झोपत, पणजोबा तर झोपेतच गेले.

१६ एप्रिल

झोप: अकरा मिनिटं. तीन पिल्लांना एकदम भूक लागली की कुणीतरी पत्रा फाडतंय असं वाटतं. बायको म्हणाली की हॉलमध्ये झोप, तिकडे आवाज येत नाही. परंपरा अशी हॉलमध्ये नेता येत नाही हे तिला कोण सांगणार. उशी फेकली. उशी वस्तूत धरत नाही. गजराचं घड्याळही गेलं, पण ते उशीच्या ओघात गेलं. काच फुटली.

आजचा विचार: पक्ष्यांचा किलबिलाट हेच खरं संगीत.

१८ एप्रिल, दुपारी ३.४०

एक दुर्घटना घडली आहे.

मायलेकी लायब्ररीत गेल्या होत्या. खिडकीबाहेर जळमटं फार झाली होती, म्हणून सकाळीच वॉचमनच्या खोलीतून कॉलनीचा लांब दांड्याचा झाडू आणून ठेवला होता. जळमटं काढता काढता घरटं खाली पडलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते ना, तसं. फांदी मोडलेली नाही, पण म्हण लागू आहे.

दोन पिल्लं पार्किंगच्या सिमेंटवर जागच्या जागी गेली. तिसरं हलत होतं. झाडूचं डोकं निसटून फांदीतच अडकलं. लाल आहे, लांबून दिसतं. दांडा माळ्यावर टाकला.

कावळीण समोरच्या कठड्यावर बसली होती. माझ्याकडे बघत होती. बघू दे. एवढ्याशा डोक्यात किती राहणार.

तोच दिवस, संध्याकाळी ७

लेकीने हंबरडा फोडला. तिसरं पिल्लू वर आणलं आहे. त्याला खोकं मीच दिलं, पाच थरांचं, फाईव्ह प्लाय, आमच्याच कारखान्याचं. पोरगी गळ्यात पडली आणि म्हणाली, बाबा, तू किती चांगला आहेस. आहेच.

मग विचारलं, कुणी केलं असेल. मी म्हणालो, वारा. तिने वही काढली. दुपारी दोनपर्यंत पानही हललं नव्हतं, अशी नोंद निघाली. ह्या वह्या शाळेने इतक्या जाड द्यायला नकोत.

१९ एप्रिल, सकाळी ७

दूध आणायला खाली उतरलो. मागून डोक्यात कुणीतरी हातोडी घातली. वळलो, तर ती. डोक्यातून रक्त, दुधाची पिशवी फुटली, शर्ट लाल-पांढरा. असो. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. आपण लक्षच द्यायचं नाही.

२० एप्रिल

कानाला तीन टाके. डॉक्टरीणबाई टाका घालताना म्हणाल्या की कावळे माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाहीत. मग थांबून विचारलं, तुम्ही त्यांचं केलंत तरी काय? डॉक्टर बदलणार आहे.

२१ एप्रिल

कॉलनीची तातडीची बैठक. सेक्रेटरीने लाल झाडूकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, झाडू वॉचमनचा, म्हणजे कर्म वॉचमनचं. गुन्हा सिद्ध झाला तर नोकरीही जाणार आणि गेटजवळची खोलीही. अकरा वर्षं तो आणि त्याची बायको त्या खोलीत राहतात. लेक त्याला काका म्हणते. ती बैठकीत उभी राहून म्हणाली की काका असं करणारच नाहीत, चौकशी करा. सगळ्यांना पटलं.

चौकशी समितीचा अध्यक्ष: मी. एकमताने. निसर्गावर रोज विचार लिहिणारा दुसरा कुणी कॉलनीत नाही. मोठी जबाबदारी आहे. निःपक्षपातीपणे पार पाडणार. लेकीचे डोळे कसे चमकत होते! बाबा शोधून काढणार, असं ती सगळ्यांना सांगत होती.

२३ एप्रिल, सकाळी ९

छत्री घेऊन निघालो. आता नर पण आला. दोघं दोन बाजूंनी. छत्री फिरवली ती सेक्रेटरीच्या चष्म्याला लागली. तो मुद्दाम मधे आला होता. त्याने हातातली फाइल माझ्या तोंडावर हाणली. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझा टाक्यांचा कान धरला. दोघंही स्कूटरवर पडलो, स्कूटर तिसऱ्याच्या स्कूटरवर पडली. वरून कावळे कुणाला टोचायचं ते मात्र नीट बघून टोचत होते. सेक्रेटरीला एक ओरखडा नाही.

वॉचमनने टॉवेल फिरवत येऊन मला सोडवलं आणि गेटपर्यंत पोचवलं. त्याची नोंद अहवालात 'स्वभावाने मदतशील' अशी घेईन. कुणाचं श्रेय मी ठेवत नाही.

आजचा विचार: समाजात मतभेद असावेत, मनभेद नसावेत.

२५ एप्रिल

कामावर रुजू. चेहराच दिसला नाही तर ओळखणार कशाला? म्हणून डोक्यात खोकं घातलं, डोळ्यांना दोन भोकं. कल्पना अत्यंत यशस्वी. फाटकापर्यंत एकही हल्ला नाही. फाटक दिसलं नाही. दात हलतोय. कारखान्यात डिस्पॅचवाल्याने पाठीवर 'ही बाजू वर' असं चिकटवलं, ते संध्याकाळी बायकोने काढलं.

२७ एप्रिल

आज वॉचमनची साक्ष, आमच्याच हॉलमध्ये. लेखनिक: लेक. झाडू कुणाला दिला होता, असं विचारणं भाग होतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, साहेब, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तोंडावर कुणाचं नाव घेणार नाही, साहेब स्वतः सांगतील.

साक्ष मोघम आहे. वगळायला सांगितली. लेकीची पेन्सिल थांबली होती. तिने वगळलं की नाही ते पाहिलं नाही.

चहाचा कप बायकोने माझ्यासमोर जरा आपटूनच उचलला.

२९ एप्रिल, सकाळी ६

खूप विचार केला. भांडणाचं मूळ पिल्लू. पिल्लू आपल्या घरात आहे म्हणून ते दोघं चिडले आहेत, बाकी माझ्यावर व्यक्तिगत राग नसावा. लेक झोपेत असताना खोकं उचललं. मागच्या भिंतीपलीकडे ठेवणार होतो, निसर्गाच्या स्वाधीन. भिंतीपलीकडे मांजरं असतात, पण मांजरही निसर्गच.

पिल्लाने अंगठ्याचं मांस काढलं. बापाने मान. आईने थेट डोळ्याकडे झेप घेतली, भुवई फाटली. खोक्यासकट पळत वर आलो. जिन्यात लेक उभी होती, रात्रीच्या कपड्यांत. तिला म्हणालो, पिल्लाला मोकळी हवा द्यायला नेलं होतं. तिने खोकं हातातून घेतलं. पूर्वी ती असं काही पाहिलं की प्रश्न विचारायची.

४ मे

भुवईला चार टाके, जुन्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी ह्या वेळी काहीच विचारलं नाही. हे जास्त लागलं.

लेक रोज सकाळी झाडाखाली पोळीचे तुकडे ठेवते. कावळीण तिच्या पायाशी येऊन खाते. मी गॅलरीत नुसता दिसलो तरी रेलिंगवर चोच आपटते. बायकांचं एकमेकींशी जुळतंच.

६ मे

अहवाल तयार. साडेचार पानं. निष्कर्ष: परिस्थितीजन्य पुरावा वॉचमनकडे बोट दाखवतो, तथापि त्याला जवळच दुसरी खोली मिळेपर्यंत मुदत द्यावी. 'तथापि' मीच सुचवला. कुणाच्या पोटावर पाय द्यावा असा माझा स्वभाव नाही. दहा तारखेला कॉलनीचं सुट्टीतलं सामुदायिक जेवण आहे, तिथे वाचणार. जेवणाच्या आधी वाचावा की नंतर?

८ मे

लेकीने समितीपुढे अर्ज दिला. व्यवस्थित समास सोडून. कावळे चेहरा विसरत नाहीत, सबब कॉलनीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकेक करून झाडाखालून जावं, म्हणजे काकांनी केलं नाही हे सिद्ध होईल. सेक्रेटरी म्हणाला, वा! अध्यक्षांची हरकत नाही ना?

हरकत कशाला असेल? अध्यक्ष संशयित नसतो. तरीही खबरदारी म्हणून संध्याकाळी मिशी काढली. बावीस वर्षांची मिशी. आरशात मलाच मी ओळखू आलो नाही. कावळ्याची काय कथा! बायकोने बघितलं आणि खुर्ची ओढून खाली बसली. हसली नाही.

१० मे, दुपारी ४

ओळख परेड झाली. क्रमाने लिहितो.

प्रथम वॉचमन. झाडाखालून गेला, परत आला, वर बघून हातही जोडले. कावळीण पंख साफ करत राहिली. सेक्रेटरी: काही नाही (निराशा). मग एकेक करत सतरा जण. काही नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या कानाकडे बघत होते, भुवईकडे, अंगठ्याच्या पट्टीकडे, मिशीच्या जागेकडे. कावळीणही पंख साफ करायची थांबली.

मी पुढे निघालो होतो. खरंच निघालो होतो, एक पाय उचलला होता.

तेवढ्यात लेक धावत पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, थांबा, मी केलं. घरटं मी पाडलं. काकांकडून झाडू मीच आणला होता. आणि जाऊन स्वतःच झाडाखाली उभी राहिली.

कावळीण उतरली आणि तिच्या पायाशी बसून चोच वर करून पोळी मागू लागली.

हे सगळ्या कॉलनीने पाहिलं. लहान मुलाला कळलं असतं. सेक्रेटरीने घसा साफ केला आणि म्हणाला, लहान आहे, चूक झाली, बोर्डावर माफीपत्र लावावं, वॉचमनचा प्रश्न मिटला. अध्यक्षांना मान्य?

मी म्हणालो, मान्य.

सबब प्रकरण निकाली. वॉचमनची नोकरी वाचली, समितीचं काम वेळेत संपलं. जेवायला माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. गर्दी तशी कमीच होती.

लेकीने असं का केलं, ते बायकोला विचारलं. ती म्हणाली, तिला वाटलं ह्या वेळी बाबांचा डोळाच जाईल.

११ मे, सकाळी १०

लेक सकाळपासून टेबलाशी माफीपत्र लिहीत होती. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, पण वाचत नव्हतो.

तिने मान वर न करता विचारलं की किती वाजले होते. मी म्हणालो, कशाचे? ती म्हणाली की मला खरं लिहायचंय आणि मी तिथे नव्हते.

मी सांगितलं, तीनला दहा कमी.

एका धक्क्यात पडलं का?

नाही. तीन. दुसऱ्या धक्क्यानंतर कावळीण मधे आली होती, तिला दांड्याने मारली, मग तिसरा.

तिने लिहून घेतलं. मग विचारलं की पडताना पिल्लं ओरडली का.

हो म्हणालो. तिन्ही.

तेव्हा ती लिहायची थांबली. रडत नव्हती. पेन्सिल नुसती कागदावर टेकवून बसली होती. मला वाटलं, आता ही मला काही बोलेल तर बरं. शिवी दिली तरी चालेल. पण तिने पुढचा प्रश्नच विचारला, झाडूचा दांडा कुठे लपवला. मी कागद ओढून घेतला. माझ्या हाताने पहिल्यापासून लिहिलं, सात ओळी, एकही 'तथापि' नाही. सही केली.

दुपारी १२

खाली जाऊन बोर्डावर लावलं. खोकं घातलं नाही. जाताना एकदा आणि येताना एकदा, दोन्ही वेळा डोक्यात. वॉचमनने टॉवेल उचलला होता, मी नको म्हणालो. माफी मागितली तर तो म्हणाला, साहेब, माझ्या बायकोने सामान बांधून ठेवलंय, तिला सांगा आधी. सांगून आलो. तिने दार लावून घेतलं. सेक्रेटरीने पत्र वाचलं आणि म्हणाला, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण बोर्डावर कागद लावायला आधी परवानगी घ्यायची असते.

वर आलो. रक्त मानेवरून आत उतरलं होतं. लेक कापूस आणि औषध घेऊन आली. बाबा म्हणाली नाही. कापूस जखमेवर दाबला, लागतो त्यापेक्षा बऱ्याच जोरात, आणि दाबूनच धरला. मी ओरडलो नाही.

दुखतंय का, असं तिने विचारलं. हो म्हणालो. फार दुखत होतं.