केसांचं औषध

अप्पा,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तुम्हाला लिहायला बसलोय. बाहेर ऊन मरणाचं आहे, गिऱ्हाईक कुणी फिरकत नाही. घरात बोलायला माणूस नाही असं नाही, पण बोलवत नाही. समोरचे टेलरकाका अंबाजोगाईला दवाखान्यात आहेत. तेच तुमचे सोबती, सकाळी मशीनवरचं फडकं काढायच्या आधी आपल्याकडं चहाला यायचे ते. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांपर्यंत गेलाय म्हणतात. आणि गेली दोन वर्षं ते लघवीच्या त्रासावर औषध माझ्याकडून नेत होते. मला ते माहीत होतं, आणि मी एका शब्दानं विचारलं नाही. एवढंच आहे सांगायचं, पण ते सांगायला मला आठ दिवस लागले.

तुमचं दुकान तुम्हाला आता ओळखू यायचं नाही. गोखरू, वायवर्णा, माका, जटामांसी सगळं आहे अजून, पण मागच्या खोलीत, पोत्यांत. पुढं काचेचं कपाट केलंय आणि त्यात डब्याच डब्या. घाटनांदूरला आता कुणाला काढा उकळायला वेळ नाही. लोकांना कॅप्सूल पाहिजे, पाण्याबरोबर घेतली की झालं. त्यातली एक डबी सगळ्यात जास्त खपते. तिच्यावर दाट केसांच्या बाप्याचा फोटो आहे, वर ठळक अक्षरांत ‘पुरुषांच्या केसगळतीसाठी’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रोस्टेटच्या आरोग्यासाठीही उपयुक्त’. आत आपलाच गोखरू, भोपळ्याच्या बिया आणि परदेशातल्या कसल्याशा ताडाच्या फळाचा अर्क. लग्न ठरायच्या आधीची पोरं ती केसांसाठीच नेतात, ते खरं. पण साठी ओलांडलेले, फेटा बांधणारे, डोक्यावर एक केस नसलेले लोकही येतात, इकडं तिकडं बघतात आणि म्हणतात, “ते केसांचं द्या जरा.” मीही मान वर न करता कागदात गुंडाळून देतो. कशासाठी नेतात ते त्यांना माहीत, मला माहीत, शेजारच्या किराणावाल्याला माहीत. बोलत कुणीच नाही.

टेलरकाकांच्या डोक्यावर तर मी शाळेत असल्यापासून केस पाहिलेला नाही. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, “एक डबी दे रे ती केसांची. येतील का आता?” मी म्हटलं, “येतील की काका, टोपी जरा मोठी शिवून ठेवा.” हसले. मीही हसलो. मग दर महिन्याला तोच विनोद. मला वाटायचं, किती नीट सांभाळून घेतोय मी म्हाताऱ्याला. आणि रस्त्याच्या पलीकडं काय चाललंय ते मला गादीवरून रोज दिसत होतं, अप्पा. पँटची शिवण अर्धी टाकून ते उठायचे आणि मागं जायचे, परत येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा उठायचे. मशीनच्या स्टुलावर आधी एक उशी आली, मग दोन आल्या. कंबर धरून चालायला लागले. मी विचार केला, जन्मभर वाकून बसलेला माणूस, कंबर दुखायचीच. असा सोयीचा विचार मला बरा सुचतो.

तुमच्याकडं हीच माणसं यायची, याच तक्रारी घेऊन, आणि हीच लाज घेऊन. तुम्ही पुढं दुकानात, लोकांसमोर काही विचारायचा नाहीत. “मागं चल, तुझं औषध तुलाच कुटावं लागंल,” म्हणायचा आणि मागच्या खोलीत नेऊन लोखंडी खलबत्ता त्याच्यापुढं ठेवायचा. कोण असो, पाटील असो का हमाल, आपला गोखरू आपणच कुटायचा. मला तेव्हा ही तुमची लहर वाटायची. मी दहावीत असेन, एकदा विचारलंच की कुटून ठेवलेला डबाभर आहे, मग कावून त्या बिचाऱ्याला कष्ट द्यायचे, कशासाठी? तुम्ही म्हणालात, “खाली मान घालून बसला की माणूस बोलतो. वर बघून न्हाई बोलत.” खलबत्त्याच्या आवाजात पुढं बसलेल्या बायाबापड्यांना काही ऐकू जायचं नाही. तुम्ही शेजारी वेताचा मोडा घेऊन बसताय, त्याच्याकडं न बघता विचारताय, धार कशी येते, थांबते का, जळजळ होते का, रक्त दिसलं का कधी. तोही न बघता सांगतोय. आणि एखादा रक्त म्हणाला, की त्यानं कुटलेला गोखरू तुम्ही तसाच खलात ठेवून घ्यायचा. “आधी अंबाजोगाईला जाऊन डाक्टरला दाखव. दाखवल्याची चिठ्ठी आण, मग देतो.” एक जण लई तापला होता. म्हणाला, माझ्याकडून कुटून घेतलं अन् आता देत न्हाई म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, “हाय हेच. जा.” गिऱ्हाईक तोडतात आमचे अप्पा, असं मी आईजवळ बोललो होतो.

आणि ती एक गोष्ट. बाजारचा दिवस होता, दुकानात बाया दाटीनं उभ्या होत्या. एक मामा दारात घुटमळत होते, आणि मी मोठ्यानं विचारलं, “मामा, लघवीचं संपलं का तुमचं?” बाया खुदकन हसल्या. मामा गेले ते पुन्हा कधी आपल्या पायरीला आले नाहीत. तुम्ही मला मारलं नाहीत. संध्याकाळी दुकान झाडून झाल्यावर समोर उभं केलंत आणि म्हणालात, “माणसाची लाज त्याची असती. तिला चारचौघांत हात लावायचा न्हाई. कळलं?” कळलं म्हटलं मी. त्या दिवसापासून मी कुणालाही असलं काही विचारलेलं नाही. चाळीस वर्षं झाली. मला वाटत आलं की मी तुमचाच नियम पाळतोय. अहो, पण तुम्ही ‘चारचौघांत’ म्हणाला होतात. विचारूच नको असं कुठं म्हणाला होतात? तुम्ही लाज झाकायचा ती विचारता यावं म्हणून. मी नुसती झाकली. अर्धंच शिकलो मी तुमच्याकडून, आणि तेवढ्यावर दुकान चालवलं. खलबत्ता तर मी तुमच्या वर्षश्राद्धानंतर लगेच वर माळ्यावर टाकला, जागा अडते म्हणून.

आठ दिवसांपूर्वी टेलरकाकांचा मुलगा दुकानात आला. दोन दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. म्हणाला, “काका, डॉक्टर विचारायलेत कोणतं औषध चालू होतं. घरात ह्या रिकाम्या डब्या सापडल्या. हे काय द्यायचे तुमी अण्णांला?” पिशवीत डब्याच डब्या. मी एक हातात घेतली, जणू पहिल्यांदा बघतोय. आणि तोंडातून काय निघालं सांगू? “केसांचं आहे ते.” टकल्या बापाला केसांचं औषध, हे त्यालाही पटलं नसणार. पण बिचारा बरं म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. डबीवर सगळं छापलंय, डॉक्टर वाचतीलच, अशी मी मनाची समजूत घातली. चार दिवस जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, पित्त झालं असंल.

काल गेलो अंबाजोगाईला. मुलाला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि सांगितलं की ते केसांसाठी नेत नव्हते, त्यांना लघवीचा त्रास होता आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो म्हणाला, “मग कावून न्हाई बोललात?” शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मग तोच म्हणाला, “मी तर एका घरात राहत होतो. मला तरी कुठं कळलं.” मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल, पण नाही वाटलं. शरम वाटली. डॉक्टरांना जाऊन सांगतो म्हणाला आणि मला आत सोडून गेला.

काकांचं अंग पार वाळलंय. खाटेला लघवीची पिशवी लटकवलीय, तिच्यावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवलाय. मला बघून हसले. मी माफी मागायला लागलो तर हात हलवून गप्प केलं. म्हणाले, “वर्षभर रक्त जात होतं. रोज वाटायचं, आज तुला सांगावं. चहाला तर येतच होतो की. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी.” रागानं नाही म्हणाले, हवापाणी सांगावं तसं म्हणाले. मी खाली बघत बसलो. मग त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर उरला नाही आता त्यांच्या. आवाज बारीक करून, बाजूच्या खाटेवरच्याला ऐकू जाऊ नये असा, म्हणाले, “तुझं वय बी झालंय आता. तुला तर न्हाई ना बे असलं काही?”

अप्पा, इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “न्हाई काका, मी ठणठणीत हाय.” वर्ष होऊन गेलं, मी तीच डबी घेतोय. घरी केसांसाठी म्हणून सांगितलंय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणी वाचायचं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आता काही विचारू शकत नाही.